बिसनभाऊच्या मोटारीचा डायनमो

बिसन मेश्रामची मोटार दिसायच्या आधी ऐकू यायची. बसस्टँडवरचा चहावाला मान वर न करता म्हणायचा, "आला खलनायक," आणि थोड्या वेळानं ती लाल मोटार माझ्या दुकानासमोर येऊन थांबायची. थांबायची म्हणजे बंद पडायची. बिसन दार उघडून उतरत नसे, दारावरून टांग टाकून उतरे.

"काऊन गा मिस्त्री, आज चालू करून देतेस का नाई?"

जसं काही मीच बंद पाडली.

माझं दुकान अर्जुनी मोरगावात, बसस्टँडच्या बाजूला. गाड्यांचं वायरिंग, सेल्फ आणि डायनमो. बॅटरीला वीज पुरवणाऱ्या त्या भांड्याला आता आल्टरनेटर म्हणतात, पण आमच्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी डायनमोच बसला आहे आणि मीही तोच लिहिणार. शिक्षण माझं चौथीपर्यंत. त्याचं मला काही वाटत नाही. ज्यांना वाटतं, त्यांच्याही गाड्या मीच चालू करून दिल्या. आता लिहायला बसलो तो बिसनसाठी, कारण त्याच्यावर कोणी लिहिलं नाही. नाटकाच्या बॅनरवर नायक-नायिकेचे फोटो मोठे, आणि बिसनचा खाली कोपऱ्यात, मिशी मावेल एवढाच.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान घरात आलं, की नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत चालतात. गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, लेकी-जावई येतात, दिवसभर खाणंपिणं आणि रात्री नाटक. बिसन अशा एका मंडळीत खलनायक होता. पावसाळ्यात गुडघाभर चिखलात वाकून धानाचा रोवणा करणारा माणूस, आणि हिवाळ्यात रेशमी झब्बा घालून दुसऱ्याची जमीन हडपणारा सावकार. तब्येत किडकिडीत, पण आवाज असा की दुकानात बोलला तर माझ्या स्क्रू-डब्यातले स्क्रू हलायचे.

त्याचं हसणं तर पाच-पन्नास गावांत ठाऊक होतं. लोक दुकानात त्याला गाठायचे.

"बिसनभाऊ, एकदा तसा हसून दाखव ना गा."

"तिकीट काढ."

"अरे, आपलेच ना आपन."

"मंग दोन तिकिटं काढ."

फुकट हसला नाही तो कधी. दिवाळी ते होळी अंबाडीची भाजीही खायचा नाही, आंबटानं गळा बसतो म्हणून. आणि अंबाडीवर तर त्याचा एवढा जीव की होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या घरून फोडणीचा वास गल्लीभर यायचा. त्याची बायको म्हणायची, "ह्यायची होळी पेटत नाई, ह्यायची कढई पेटते."

आता मोटारीचं सांगतो. नव्याण्णवच्या आसपासची गोष्ट. गोंदियाच्या एका राइस मिलवाल्याच्या पोरानं दोन दारांची छोटी मोटार पुलाच्या कठड्यावर नेऊन घातली. पोरगा वाचला, मोटारीचं छप्पर चेपलं. बापानं ती भंगारात काढली आणि बिसननं उचलली. चेपलेलं छप्पर नीट करायला कारागीर लागला असता. बिसननं ते सरळ कापूनच टाकलं. मग रुंद टायर घातले, बसायची सीट खाली केली, सायलेन्सर काढून फेकला. दोन्ही बाजूंना रंगाऱ्याकडून आगीच्या ज्वाळा काढून घेतल्या. रंगाऱ्याचा हात पोळ्याचे बैल रंगवण्यात गेलेला, त्यामुळे त्या ज्वाळा शिंगांसारख्या दिसत. बिसनला सांगितलं तर म्हणाला, "चांगलंच हाय. मोटार मारकी दिसली पायजे."

वडसा रस्त्यावर सरळ पट्टा आला की तो ती मोटार अशी सोडायचा की मागं नुसती धूळ. एसटीला मागं टाकताना ड्रायव्हरला सलाम करायचा. कंपनीनं बनवलेल्या महाग स्पोर्ट मोटारीही मी नंतर पाहिल्या. त्यातल्या एकीच्याही धन्याच्या तोंडावर तो आनंद दिसला नाही.

मागच्या बाजूला दोन भोंगे बसवले होते, कारण मोटार घेतली ती जाहिरातीसाठी. ज्या गावात नाटक असेल तिथं आणि आजूबाजूच्या गावांत दिवसा फिरून सांगायचं, हे काम त्यानं मंडळीच्या मालकाकडून मागून घेतलं होतं. बाकीच्या मंडळ्या जीपमध्ये भरलेली कॅसेट लावून देत. बिसन स्वतः माईक धरायचा. घरी झाडीबोलीत बोलणारा हा माणूस माईक हातात आला की पुस्तकासारखा बोले, "रसिक मायबाप हो, आज आपल्या नगरीत..." नगरी म्हणजे चाळीस घरांचं खेडं. पण त्या गावालाही तेवढ्यापुरतं वाटायचं की आपण नगरी आहोत.

त्याची एक रीत होती. गावात शिरायच्या आधी वेशीवर थांबून पहिल्या दिसलेल्या माणसाला विचारायचा, "गावात सगळं बराबर हाय ना गा?" म्हणजे कोणी गेलं-बिलं तर नाही. गेलं असेल तर माईक खाली ठेवायचा, मोटार तिथंच सोडायचा आणि पायी त्या घरी जाऊन ओसरीवर बसून यायचा. एकदा असं एका गावी झालं आणि त्या गावचा एकही माणूस नाटकाला आला नाही. मालक चिडला. बिसन त्याला म्हणाला, "मी नाटकात लोकायच्या घरात आग लावतो. पन जे तिकीट काढून येतात, त्यायच्याच."

आता या मोटारीचं दुखणं. सायलेन्सर नाही, म्हणून इंजिन एवढं गरजायचं की भोंग्यातलं बोलणं कळायचं नाही. त्यावर बिसननं काढलेला उपाय असा, की चौकात आलं की इंजिन बंद करायचं आणि मग बोलायचं. इंजिन बंद म्हणजे डायनमो बंद. भोंग्याचं मशीन सगळी वीज बॅटरीतून ओढणार. दोन-तीन गावं झाली की बॅटरी आडवी. मग सेल्फ मारला की कुर्र करून गप्प.

मी म्हणायचो, "बिसनभाऊ, सायलेन्सर बसव. इंजिन चालू ठेवून बोल."

"सायलेन्सर बसवला त मोटार कायची? बैलबंडी झाली ना."

गावकरी हौसेनं धक्का मारायचे. सावकाराला ढकलायला मिळतं हेच त्यांना मोठं. पण एका मंडईत मोटार ऐन चौकात बंद पडली, मागं बैलबंड्या आणि पाहुण्यांच्या जीपा अडकल्या. त्या गावचे कार्यकर्ते मालकाकडे गेले. मालकानं बिसनला बोलावून सांगितलं, "मोटार आणखी एकदा रस्त्यात उभी राहिली त माईक ठेवून दे. मी कॅसेट भरून ठेवली हाय, जीपमध्ये लावून देतो."

बिसननं मला हे सांगितलं तेव्हा तो दारावरून टांग टाकून उतरला नव्हता. दार उघडून उतरला होता.

"अन् कॅसेट कोनाच्या आवाजात भरली माहीत हाय का? नायकाच्या." वर म्हणाला, "गोड आवाज हाय त्याचा. लगनाची पत्रिका वाचल्यासारखा."

मी म्हटलं, "मंग सायलेन्सर?"

"बसव," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, भांडेल. भांडला नाही याचं मला तेव्हाच नवल वाटायला पाहिजे होतं. सायलेन्सर बसला, इंजिन शांत झालं. आता इंजिन चालू ठेवून, माणूस चालतो त्या चालीनं गावातून जात बोलायचं. पण तरी बॅटरी उतरायची. कारण साधं होतं. छोट्या मोटारीचा मूळचा डायनमो भरपूर पळालं तरच भरपूर वीज देतो. चालीच्या वेगाला तो नुसता झोपलेला. शिवाय तो आधीच म्हातारा. बदलणं आलंच.

पहिला मी ट्रॅक्टरचा डायनमो घातला. ट्रॅक्टरचं कामच संथ, त्यामुळे त्याचा डायनमो हळू चालीतही भरपूर वीज देतो. पट्टी वाकवून, छिद्र पाडून बसवला. चालू केलं, स्टेअरिंगसमोरची लाल बत्ती लगेच विझली, म्हणजे चार्जिंग सुरू. मी हात पुसले. बिसननं माईक उघडला, बोलला नाही, डोळे मिटून ऐकत बसला.

"कुई-कुई करते."

"कुठं?"

"भोंग्यात. मच्छर बसल्यासारखा."

डायनमोची कुई भोंग्यात येते, हे मला काही नवीन नाही. मी कंडेन्सर लावला, मशीनची अर्थिंगची तार थेट बॅटरीवर नेली. कुई गेली. मला तरी गेली. चहावाल्याला बोलावलं, त्यालाही ऐकू येईना. बिसन डोळे मिटूनच.

"हाय अजून."

"तुले माशी फिरली तरी ऐकू येते का गा?"

"माझ्या आवाजाच्या वर बसून हाय ते."

मला राग आला. मी त्याला दुसरा डायनमो दाखवला, लिलावात निघालेल्या एका पोलिस जीपचा, जवळजवळ फुकटातला. त्यानं तो हातातही घेतला नाही. "तिसऱ्या अंकात रोज पोलिसायच्या हाती सापडतो. आता दिवसा बी त्यायच्याच भरवशावर फिरू का?"

"अरे, लोखंड हाय ते! त्याले काय माहीत कोन पोलिस, कोन चोर?"

"तुले काय माहीत, त्याले काय माहीत ते."

अशा माणसाशी कोण बोलणार? दुकान बंद करून मी त्याला घेऊन सकाळच्या रेल्वेनं गोंदियाला गेलो. तिथं जुन्या सामानाचा एक सेठ माझ्या ओळखीचा. त्यानं एका मोठ्या मोटारीचा डायनमो काढला, नव्यासारखा.

"चाचा, ये ले जाओ. इसपे तो पूरा शादी का मंडप जल जाएगा."

बिसन म्हणाला, "मंडप नही जलाना सेठ. मेरेको बोलना है."

"बोलने को डायनमो कायको लगता?"

बिसननं डायनमो कानाशी धरला आणि बोटानं पुली फिरवत राहिला. सेठ हसायला लागला, "अरे, नारियल है क्या?" बिसननं तो ठेवला, दुसरा उचलला, तोही फिरवला, तिसरा. शेवटी पहिलाच काखेत मारला. परतीच्या रेल्वेत तो डायनमो मांडीवर घेऊनच बसला, लेकराला घेतल्यासारखा. समोरच्या बाईनं विचारलं, "भाऊ, हे काय होय?" तर म्हणाला, "गळा होय बाई." ती बाई दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसली.

दुकानात आल्यावर तो बसवला. भोंगा स्वच्छ. बिसननं डोळे उघडले, पहिल्यांदाच मान हलवली. पण समोरची लाल बत्ती विझेना. इंजिन ताणलं की विझायची, चालीच्या वेगाला आणलं की पुन्हा पेटायची. म्हणजे आवाज स्वच्छ आणि पोट रिकामं.

मी वैतागलो. "हे पाय बिसनभाऊ. ट्रॅक्टरचा घे. त्याची कुई तुझ्याशिवाय दुनियेत कोनाले ऐकू येत नाई. तू ज्या आवाजात बोलतेस त्याच्यापुढं ते मच्छर काय टिकते?"

तेव्हा तो बोलला. माईकवर नाही. मला पुढं वाकावं लागलं.

"तो आवाज कुठं हाय आता मिस्त्री?"

त्याच्या गळ्यात गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गाठ वाईट नाही, पण जोरानं बोलाल तर आहे तोही आवाज जाईल. स्टेजवर तेवढा वेळ तो कसाबसा रेटत होता. दिवसभर गावोगाव ओरडणं आता होणार नव्हतं. हळूच बोलायचं, माईक तोंडाशी धरून, आणि बाकीचं काम भोंग्यानं करायचं. घरी बायकोला ठाऊक होतं आणि आता मला. मालकाला कळलं असतं तर कॅसेटची जीप दुसऱ्याच दिवशी निघाली असती. सायलेन्सरला तो का भांडला नाही, हे मला त्या वेळी कळलं.

"कुई माझ्या आवाजापेक्षा लहान व्हती तेव्हा चालली असती," तो म्हणाला. "आता आमी दोघं बराबरीचे झालो."

मी डायनमोकडे बघत बसलो. एक रस्ता मला आधीपासून दिसत होता, पण मी तो काढला नव्हता, कारण चांगल्या मोटारीचं असं करू नये हे मला माहीत होतं. आता काढला.

"गोंदियाचाच ठेव. त्याची पुली बदलून लहान घालतो. पुली लहान झाली की इंजिनच्या एका फेऱ्यात डायनमो जास्त फिरते. चालीच्या वेगाले बी बत्ती विझन."

"मंग घाल ना! कायची वाट पाहून राहिला?"

"पन मंग मोटार पळवायची नाई. इंजिन ताणलं त डायनमो एवढा फिरन, एवढा फिरन, का बेअरिंग अन् वाइंडिंग दोनी जळून जातीन. वडसा रोडवर एसटीले सलाम ठोकणं बंद. जाताना बी हळू, येताना बी हळू. कायमचं."

बिसन मोटारीकडे बघत राहिला. कापलेलं छप्पर, रुंद टायर, त्या शिंगांसारख्या ज्वाळा. मग म्हणाला, "अजून मोठी पुली हाय ना त्याच्यावर?"

"हाय."

"एक चक्कर मारून येतो."

दारावरून टांग टाकून बसला आणि गेला. मी चहा घेतला. एका ट्रॅक्टरचा सेल्फ उघडला, साफ केला, परत बांधला. तरी तो येईना. आला तेव्हा केस उभे, पापण्यांवर धूळ, आणि डोळ्यांना पाणी. वाऱ्यानं येतंच ते, छप्पर नसलं की. मोटार सावलीत लावली, किल्ली माझ्या हातात ठेवली.

"बांध," म्हणाला.

लहान पुली मी माझ्या हातानं लेथवाल्यासमोर उभा राहून करून घेतली आणि पट्टा अगदी एका रेषेत बसवला. चालीच्या वेगाला बत्ती विझली. भोंग्यात काही नाही. बिसननं माईक घेतला आणि पहिल्यांदा जे बोलला ते हे, "मिस्त्री, तुझ्या दुकानात उंदीर हाय. मले ऐकू येऊन राहिला."

त्यानंतर ती मोटार रस्त्यात उभी राहिली नाही. एकाही हंगामात नाही. मी केलेलं काम आहे, मी सांगू शकतो. मालकानं कॅसेट भरून ठेवली होती ती तशीच राहिली. स्टेजवरचं काम बिसननं पुढं सोडलं, त्याच्या जागी एक तरणा सावकार आला, पण जाहिरातीचा माईक त्याच्याकडेच राहिला. लोक हसायचे. एवढी मारकी दिसणारी लाल मोटार, आणि सायकलवाले तिला मागं टाकून जायचे. एसटीचे ड्रायव्हर आता त्याला सलाम करायचे. तो मात्र रस्त्याच्या कडेनं, सरळ नाकासमोर.

एकदा मी त्याला विचारलं, "कधी दाबावंसं वाटत नाई का गा?"

"वाटते ना. मंग बोलतो काईतरी."

दोन हजार दहाच्या पुढं केव्हातरी तो गेला, रोवणा सुरू व्हायच्या आधी. गळ्याचं काही नव्हतं, ताप आला आणि उतरला नाही. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी त्याला शेवटचं पाहिलं, सौंदडला. लेकीच्या घरी गेलो होतो. दुपारची वेळ, मी ओसरीवर बाजेवर पडलो होतो. गल्लीच्या तोंडाशी त्याचा आवाज आला. आता तो पुस्तकातलंही बोलत नव्हता. कोणी शेजारच्या खाटेवर बसून बोलावं तसं बोलत होता. "आज नाटक हाय गा आपल्या गावात. जेवण लवकर करून घेजा. बुढ्या मानसायसाठी समोर जागा ठेवली हाय." आवाज एवढा हळू की घरात बसून नीट कळायचं नाही. म्हणून बायका ओल्या हातानं बाहेर यायच्या, माणसं जेवता जेवता दारात यायची. कॅसेटच्या जीपला कोणी असं दारात आलेलं मी पाहिलं नव्हतं.

मोटार आली. मी बाजेवरून उठलो, पण हाक मारली नाही. काम चालू असताना माणसाला हाक मारू नये. मी फक्त मोटारीतल्या त्या लाल बत्तीकडे पाहिलं. विझलेली होती.

समोरच्या घरातून एक म्हातारी पितळी लोटा घेऊन निघाली आणि मोटारीच्या बरोबर चालायला लागली. तिला घाई करावी लागली नाही.

"थांब ना गा बावा. केव्हाचा बोलून राहिलास. पानी पे."

बिसननं मोटार थांबवली. इंजिन चालूच, आणि माईक त्याच्या हातात उघडाच होता. ते त्याच्या ध्यानात नव्हतं.

"दे व माय," दोन्ही भोंगे म्हणाले.

मग तो पाणी प्यायला. घट, घट, घट. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. कोणी हसलं नाही. दारात उभी असलेली सगळी माणसं त्याचं पाणी पिऊन व्हायची वाट बघत राहिली.

"थंडगार हाय व," भोंगे म्हणाले, आणि त्यानं लोटा परत दिला तेव्हा तो म्हातारीच्या बांगडीला लागल्याचा आवाजही आम्हाला तेवढाच स्वच्छ ऐकू आला.